मुंबई कॉमिक कॉनमध्ये स्वतःच्या कॉमिकचा स्टॉल लावला तर पैसे सुटतात का?

तुमचा प्रश्न असा की नोकरी सांभाळून 32 पानांचं मराठी कॉमिक काढलंय, मुंबई कॉमिक कॉनला (कॉमिक आणि गेमवाल्यांचा मोठा मेळावा) स्टॉल घेऊ का, पैसे बुडतील का, आणि तयारी काय लागते. सुटतात पैसे, पण नुसत्या कॉमिकवर नाही सुटत, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. मी आणि माझी मैत्रीण (चित्रं तिची, लिखाण माझं) काही वर्षं मुंबईत टेबल लावतोय, अधूनमधून बेंगळुरूलाही जातो. आमचं कॉमिक कोकणातल्या रातराणी एसटीतल्या भुताचं आहे, भूत म्हणजे कंडक्टर, आणि तो मेल्यावरही सुट्टे पैसे मागतो. हे का सांगतोय ते पुढे येईल.

पहिलं म्हणजे तिथे कोण येतं ते समजून घ्या. कॉमिक कॉन इंडिया 2011 साली दिल्ली हाटमध्ये सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईतही झालं, आणि तेव्हा खरंच कॉमिकवाल्यांचा मेळावा होता. आता गेमिंगचा मोठा भाग आहे, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून आहे, कॉसप्लेची, म्हणजे पात्रांसारखा वेश करायची, स्पर्धा आहे, स्टँडअपवाले आहेत, 2024 मध्ये तर नॉडविन या गेमिंग कंपनीनेच ते विकत घेतलं. त्यामुळे गेटातून आत येणाऱ्या दहा जणांतले बरेचसे कॉमिक विकत घ्यायला आलेलेच नसतात, त्यांना फोटो काढायचे असतात, नारुतो या ॲनिमेतली पट्टी डोक्याला बांधून मित्रांबरोबर फिरायचं असतं आणि जाताना काहीतरी हातात हवं असतं. वर तिकिटासोबत आयोजक बहुतेक वेळा एखादं कॉमिक फुकट देतात. म्हणजे तुमच्यासमोर उभ्या माणसाच्या पिशवीत एक कॉमिक ऑलरेडी आहे. यावर चिडण्यात काही अर्थ नाही, हे धरूनच दुकान मांडायचं.

स्टॉल की टेबल? पहिल्यांदा जाताय तर टेबल. पूर्ण स्टॉल म्हणजे शेल स्कीम, तीन बाजूंनी पांढरे पार्टिशन, वर नावाची फेशिया पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, लाईट आणि एक प्लग, आणि तो तुमच्या एका कॉमिकने भरणार नाही, रिकामा स्टॉल फार केविलवाणा दिसतो. आर्टिस्ट अॅली म्हणजे चित्रकार-लेखकांच्या टेबलांची गल्ली, तिथलं टेबल स्वस्त पडतं, शेजारीपाजारी सगळे तुमच्यासारखेच असतात, आणि तिथे फिरणारा माणूस निदान चित्रं बघायच्या मूडमध्ये असतो. रेट दरवर्षी बदलतो म्हणून आकडा देत नाही, आयोजकांकडून चालू वर्षाचं रेट कार्ड मागवा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो हे विसरू नका, बरेच जण तिथेच गडबडतात. अर्ज लवकर करा. आणि तारीख गृहीत धरू नका, मुंबईचं 2018 मध्ये डिसेंबरला होतं, 2024 आणि 2025 मध्ये एप्रिलला.

आता हिशोब, कारण खरा प्रश्न तोच आहे. समजा टेबल, प्रवास, स्टँडी (उभा बॅनर), खाणंपिणं सगळं धरून 24,000 गेले (आकडा समजण्यापुरता घेतलाय). कॉमिक छापायला 70 रुपये पडलं, 250 ला विकलं, हातात 180. नुसतं कॉमिक विकून खर्च काढायचा तर 134 प्रती विकायला लागतील. दोन दिवस, रोजचे नऊ तास धरले तर दर आठ मिनिटाला एक, न थांबता, जेवायला न जाता, मुतायला न जाता. अनोळखी लेखकाचं मराठी कॉमिक त्या वेगाने जात नाही हो. आता त्याच टेबलावर 50 चे स्टिकर ठेवा, एकेक 10 ला पडलेला, दोन दिवसांत 200 गेले तर 8,000 सुटले. ए-थ्री पोस्टर 200 ला, 40 ला पडलेलं, 40 गेले तर 6,400. राहिले 9,600, म्हणजे 54 कॉमिक. ही गोष्ट होण्यासारखी आहे. भाडं स्टिकर फेडतात, हे कुणाला आवडो न आवडो. माझ्या मैत्रिणीला सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं, तिचं म्हणणं आपण काय लेडीज स्पेशलमध्ये टिकल्या विकायला आलोय का, आता कंडक्टर भुताचा "सुट्टे द्या" स्टिकर आमचा सगळ्यात जास्त खपतो आणि लोक तो लॅपटॉपवर लावून फिरतात.

छपाईचं थोडक्यात. सेंटर पिनिंग (मधोमध पिना मारून बांधणी) करणार असाल तर पानं चारच्या पटीत, तुमची 32 आहेत म्हणजे बरोबर आहे, कव्हर वेगळं. शंभरेक प्रती हव्या असतील तर डिजिटलच करा, ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च असतो तो पाचशेच्या वर गेलात तरच अंगावर येत नाही. पुण्यात नारायण-सदाशिव पेठेत आणि मुंबईत लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये विचारून बघा, पण एक प्रत हातात घेऊन, आडवी-उभी करून बघितल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका, कारण स्क्रीनवर जो निळा रात्रीचा रंग छान दिसतो तो कागदावर काळाठिक्कर येतो. रात्रीच्या गोष्टीवाल्यांनी हे डोक्यात ठेवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विक्रीसाठी सक्तीचा नाही, पण भारतात फुकट मिळतो आणि स्वतः छापणाऱ्यालाही मिळतो, तर घेऊन टाका.

आता विकायचं कसं. टेबलामागे खुर्चीत बसून मोबाईल बघणारा माणूस विकत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. उभं राहायचं. आणि समोरचा थांबला की "बघा ना, आमचं कॉमिक आहे" असलं काही बोलायचं नाही, तो मान हलवून पुढे जातो. एक वाक्य तयार ठेवा, ज्यात गोष्ट आहे. आमचं वाक्य एवढंच, "रातराणीचा कंडक्टर मेलाय, पण अजून सुट्टे मागतोय." मराठी माणूस असेल तर तिथेच हसतो आणि हसला की हात आपोआप पुस्तकाकडे जातो. मग गप्प बसायचं. हे फार अवघड आहे बरं का, आपल्याला वाटतं समजावून सांगावं, पण तो पानं उलटत असतो तेव्हा बोललात की तो पुस्तक खाली ठेवतो आणि नम्रपणे तुमचं ऐकायला लागतो, आणि मग जातो.

एक प्रसंग सांगतो. एक काका, पन्नाशीचे, बरोबर शाळकरी मुलगी, ती डोक्यापासून पायापर्यंत कुठल्यातरी ॲनिमेतली, गुलाबी विग, आणि काकांच्या हातात तिची पुठ्ठ्याची तलवार आणि पाण्याची बाटली. मुलगी स्टिकर निवडतेय. काकांनी सहज आमचं कॉमिक उचललं, मागून उघडलं (खूप जण मागून उघडतात, शेवटचं पान देखणं ठेवा), मग कव्हर बघितलं आणि म्हणाले, "अरे, हे मराठीत आहे?" मग त्यांनी इंद्रजाल कॉमिक्सचा विषय काढला, लहानपणी वेताळ मराठीतून वाचायचे, वाण्याच्या बाजूच्या दुकानातून भाड्याने आणायचे वगैरे. पाच मिनिटं बोलत होते, मागे गर्दी अडकली होती, मी काही त्यांना थांबवलं नाही. मुलीने 50 चा एक स्टिकर घेतला, काकांनी कॉमिकच्या तीन प्रती, एक स्वतःला आणि दोन भावांना. तर मराठीत काढलंय म्हणून लाजू नका, टेबलावर मोठ्या अक्षरात "मराठी कॉमिक" असं लिहून उभं करा. त्या अख्ख्या हॉलमध्ये ते वाचणारे आईबाप भरपूर असतात, मुलांबरोबर आलेले, कंटाळलेले, पाय दुखत असलेले, आणि पाकीट त्यांच्याकडेच असतं.

शनिवारी दुपारी गर्दी वाढली की मोबाईलचं नेटवर्क बसतं आणि क्यूआर कोड असूनही पेमेंट फिरत राहतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, साउंडबॉक्स असेल तर उत्तम, आणि "झालंय बघा" म्हणून दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, सगळे चोर असतात असं नाही पण त्या गोंधळात खरंखोटं कळत नाही. यूपीआय लाइट वापरणारं गिऱ्हाईक असेल तर छोटी रक्कम पटकन जाते कारण पिन नाही आणि बँकेच्या सर्व्हरची वाट बघायला लागत नाही. आणि तरीही रोकड लागते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा आदल्या दिवशी बँकेतून आणा आणि किमती 50, 100, 200, 250 अशा ठेवा, 179 वगैरे चावटपणा नको. भुताच्या कॉमिकवाल्याकडेच सुट्टे नाहीत म्हटल्यावर लोक फार हसतात, तो जोक आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता आम्हीच आधी मारतो.

जीएसटीचं ऐका नीट. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. स्टिकर, पोस्टर, टी-शर्ट यांवर आहे, पण फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तुम्ही आम्ही त्याच्या जवळपासही नाही. गंमत राज्याबाहेर आहे. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला जाऊन करपात्र वस्तू विकायच्या तर तिथे तुमची जागा नाही म्हणून तुम्ही कायद्याने 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' ठरता, त्याला 40 लाखांची सूट नाही, आधी तात्पुरती नोंदणी आणि अंदाजे कर ॲडव्हान्समध्ये भरायला लागतो, नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त 90 दिवसांची. नुसती पुस्तकं नेलीत तर हा त्रास नाही. म्हणून पहिलं वर्ष मुंबईच बरं, आणि बाहेर जायच्या आधी एकदा सीएला विचारा, नियम बदलत असतात.

स्पायडरमॅन, गोकू (ॲनिमेतला हिरो) यांची पोस्टर विकू का, हेही मनात असेलच. विकली जातात, सगळीकडे दिसतात, आणि भरपूर खपतात. पण ती पात्रं दुसऱ्याची आहेत, कॉपीराइट कायदा 1957 चा असला तरी चांगला जिवंत आहे, आणि ज्यांची पात्रं आहेत ते कधीकधी त्याच हॉलमध्ये चार गल्ल्या पलीकडे स्वतःचा स्टॉल लावून बसलेले असतात. आयोजकांचा करार वाचा, नकली मालाबद्दल काय लिहिलंय ते बघा. माझं मत विचाराल तर कायदा बाजूला ठेवला तरी हा तोट्याचा धंदा आहे, कारण गोकूचं पोस्टर घेणारा माणूस गोकू घेऊन जातो, तुमचं नावही विचारत नाही.

सेटअप आदल्या दिवशी संध्याकाळी असतो आणि तेव्हा हॉलचा एसी बंद असतो. एप्रिल असेल तर काय होतं ते सांगायला नको, जुना टी-शर्ट घालून जा. सोबत न्यायचं: दोन बाजूंची टेप, कात्री, झिप टाय, एक्स्टेन्शन बोर्ड, टेबलावर टाकायला गडद रंगाची चादर जमिनीपर्यंत येईल अशी (खोके खाली लपतात), आणि माल उभा दिसेल असा जाळीचा रॅक. आडवा ठेवलेला माल गर्दीत कुणाला दिसतच नाही. कॉन बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर मेट्रो तीनने जाता येतं, गोरेगावला असेल तर राम मंदिर स्टेशन जवळ, पण रविवारी मेगाब्लॉक असतो हे लक्षात ठेवून निघा, खोके घेऊन दादर बदलायचं म्हणजे शिक्षा आहे. आम्ही शुक्रवारी टेम्पो करतो, रविवारी उरलेला माल पाठीवर.

एकट्याने जाऊ नका. कुणीतरी हवंच, भाऊ, मैत्रीण, ऑफिसातला रिकामटेकडा. डबा घरून न्या पण आत खाणं नेऊ देतात का ते आधी विचारा, आतलं महाग असतं. शेजारचा स्टॉलवाला स्पीकर लावून ओरडत असेल तर भांडू नका, आयोजकांच्या माणसाला सांगा, आमच्या बाजूला एकदा असा होता आणि दुसऱ्या दिवशी माझा घसा त्याच्यामुळे गेला.

रविवारी संध्याकाळी पाचनंतर टेबलावाले आपापसात फिरायला लागतात, एकमेकांची कॉमिक अदलाबदल करतात. तेव्हा टेबल सोडून फिरा, पाच-सहा प्रती घेऊनच. पुढच्या वेळी अर्धं टेबल वाटून घेणारा, चांगला प्रिंटर सांगणारा, दुसऱ्या शहरात तुमच्या दहा प्रती ठेवून विकणारा माणूस तिथेच भेटतो. किंमत मात्र शेवटच्या तासाला पाडू नका, सकाळी 250 देऊन गेलेला माणूस अजून हॉलमध्येच फिरत असतो. उरलेल्या प्रती ऑनलाइन विकता येतात, त्यासाठी बिलासोबत देता येईल असं इन्स्टाचं कार्ड छापून न्या, दोन-तीनशे तरी, ते पहिल्याच दिवशी संपतात.