वाचक विचारतात: थंडीत पोरांना रानात न्यायचंय, कुठं आणि कसं?

दिवाळी झाली की पत्रांचा सूर बदलतो. यावेळी सातारा-सांगलीकडून आलेले बहुतेक प्रश्न थंडीतल्या फिरण्याचेच होते म्हणून सगळे एकत्र घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे: थंडीतलं रान सकाळचं असतं. नाष्टा-बिष्टा करून दहाला निघालात तर रस्ता दिसेल, गर्दी दिसेल, बाकी काही दिसणार नाही. पहाटे उठायचा कंटाळा पोरांना नसतो हो, आपल्यालाच असतो.

प्रश्न: ताई, मी कराडची. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. नाताळच्या सुट्टीत दरवर्षी महाबळेश्वर होतं आणि निम्मा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. एका दिवसात जाऊन येता येईल, जंगल बघितल्यासारखं वाटेल पण पोरं दमणार नाहीत असं जवळ काही आहे का?

सागरेश्वर, दुसरा विचारच करू नका. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या हद्दीत, देवराष्ट्र्याच्या शेजारी हे अभयारण्य आहे, जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं. आणि हे रान आपोआप आलेलं नाही, हे पोरांना जाताना गाडीतच सांगा. डोंगर उघडाबोडका होता. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, झाडं लावली, लोकांच्या आणि सरकारच्या मागं लागून डोंगर राखला, आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. माणसानं उभं केलेलं जंगल असं डोळ्यानं बघायला मिळतं ही मला फार मोठी गोष्ट वाटते, 'झाडे लावा' हे पोरांना शाळेत शंभरदा ऐकून कळत नाही ते इथं कळतं.

आत चितळ, सांबर, काळवीट, मोर आहेत. मोठ्याला एक काम द्या, चितळाच्या आणि काळविटाच्या शिंगांत फरक काय ते बघून सांग म्हणावं. चितळाच्या शिंगांना फाटे असतात आणि ती दरवर्षी गळून नवी येतात, काळविटाची पिळाची असतात आणि ती गळत नाहीत. उत्तर आधी सांगू नका, त्यालाच शोधू दे. धाकटीला चालवत बसू नका, एका जागी सावलीत बसवा आणि पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही असा खेळ लावा. पाच वर्षांचं पोर गप्प बसत नाही असं सगळे म्हणतात, पण पाचोळ्यात खुसफुस झाली की आपोआप बसतं. किर्लोस्कर पॉइंटवरून खाली कृष्णाकाठचा ऊस दिसतो, तिथंपर्यंत जाऊन या. उतरल्यावर सागरेश्वराची जुनी देवळं आहेतच आणि देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर. गेट कधी उघडतं, गाडी कुठपर्यंत नेता येते हे आदल्या दिवशीच वनखात्याच्या ऑफिसला विचारून घ्या.

प्रश्न: महाबळेश्वरला वेण्णा लेकवर बर्फ पडतो असं दरवर्षी पेपरात येतं. खरंच पडतो का? आम्ही तासगावचे, पोरांना दाखवायचाय.

आकाशातून पडत नाही. ते गोठलेलं दव असतं, हिमकण. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन, गवत, गाडीचा पत्रा यांची उष्णता झपाट्यानं वर निघून जाते आणि थंड हवा जड म्हणून खोलगट भागात साचते. वेण्णा तलावाचा काठ आणि लिंगमळा नेमके तसे आहेत. म्हणून गावातल्या तापमापकात पाच-सहा अंश दिसत असले तरी तिथल्या गवताच्या पात्यावर पांढरा थर धरतो. डिसेंबर-जानेवारीत ढग नसलेल्या, वारा नसलेल्या रात्रीनंतर उजाडायच्या आत पोचलात तर मिळेल, ऊन आलं की गेलंच. मिळणारच असं धरून मात्र पोरांना नेऊ नका, नाहीतर रडारड. नाही मिळाला तर परतताना भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव २०१७ पासून तिथंच आहे आणि आजूबाजूला स्ट्रॉबेरीचे मळेही आहेत. मळ्यात शिरताना मालकाला विचारा आणि वाफ्यात पाय देऊ नका एवढंच.

प्रश्न: माझी बहीण अमेरिकेत असते. तिकडं कडाक्याच्या थंडीत स्टेट पार्कमध्ये पोरांना घेऊन जातात, पायाला रुंद तळवे बांधून बर्फावर चालतात, बर्फातले प्राण्यांचे ठसे ओळखतात, १ जानेवारीला तर म्हणे सगळे मिळून चालायला जातात. व्हिडिओ बघून माझी मुलं विचारतात आपल्याकडं असं का नाही. सांगलीत राहून काय करता येईल?

बहिणीनं सांगितलं ते खरंय. १ जानेवारीच्या त्या चालण्याला तिकडं फर्स्ट डे हाइक म्हणतात, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्लू हिल्समध्ये १९९२ साली सुरू झालं आणि पुढं सगळ्या राज्यांच्या पार्कांत पसरलं. यातलं बर्फ सोडलं तर आपल्याकडं काय नाही सांगा बरं? १ तारखेला पहाटे मिरजेपलीकडं भोशाजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर जा, शेजारची दोन-तीन घरं बरोबर घ्या, वर सूर्य उगवताना बघा, झाली तुमची हाइक. ३१ च्या रात्री जागरण केलेल्यांना जमणार नाही, तेव्हा ते आधी ठरवा.

ठशांचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण यात पोरं हरखून जातात आणि खर्च शून्य. तिकडं बर्फ तर आपल्याकडं धूळ आणि चिखल. पाऊस संपलाय, तळ्यांचं पाणी हटतंय, काठाला मऊ गाळ उघडा पडतो, सकाळची किरणं तिरपी असतात त्यामुळं ठशात सावली पडून तो उठून दिसतो. दुपारी तोच ठसा सपाट वाटतो, फोटोही येत नाही. आधी कुत्र्याचा ठसा शिकवा, तो कुठंही मिळतो: चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढं नखाचा टोचा. मांजराच्या ठशात नखं नसतात कारण ते चालताना नखं आत ओढून घेतं, आणि पंजाच्या मागच्या गादीच्या खालच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. बिबट्याचा ठसा तसाच, फक्त मोठा. गव्याचा खूर बैलासारखाच पण दांडगा. ठशाभोवती काडीनं गोल काढायचा, शेजारी पट्टी ठेवून फोटो, वहीत चित्र. स्वतःच्या शेतात किंवा ओढ्याकाठी असाल तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचाही घेता येतो, दोन वाट्या पावडरला साधारण एक वाटी पाणी, पटकन ढवळून ठशात ओतायचं आणि अर्धा तास अजिबात हात लावायचा नाही. अभयारण्यात हे नको, तिथं फक्त बघायचं.

आणि एक, हा ऊसतोडीचा हंगाम आहे. शिराळा, कराड, पाटण भागात उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. गोंडस दिसतात म्हणून उचलू नका, सेल्फी नको, आई रात्री येऊन घेऊन जाते. लांब व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा. अंधार पडल्यावर पोरांना उसाच्या कडेनं एकटं सोडू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

प्रश्न: मी विट्याचा, वय ६८, गुडघे साथ देत नाहीत. नातवंडं मुंबईहून येणार आहेत. डोंगर चढणं माझ्यानं होणार नाही, त्यांच्याबरोबर रानात बसता येईल असं सुचवा.

काका, तुमच्या तर दारातच आहे. मायणीचा तलाव आणि येरळवाडीचं धरण, दोन्ही खटाव तालुक्यात, २०२१ साली या पाणथळ जागांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. घडीची खुर्ची घ्या, शाल घ्या, थर्मासमध्ये चहा, आणि सूर्य पाठीमागं येईल अशा बाजूला बसा, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर. समोर ऊन असलं की सगळे पक्षी नुसते काळे दिसतात आणि मग पोरं कंटाळतात. दुर्बीण ८ बाय ४० ची पुरे, जास्त मोठी घेतली तर पोरांच्या हातात हलते.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचेत असं सगळे म्हणतात पण रोहितांना उथळ पाणी लागतं, पाऊस जास्त झालेल्या वर्षी पाणी खोल राहतं आणि ते येतीलच असं नसतं. त्यामुळं सुरुवात सोप्यापासून करा. काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका, ते हळदीकुंकू बदक. लांबलचक गुलाबी पायांचा शेकाट्या. आणि नारिंगी रंगाची जोडी दिसली की चक्रवाक, ते लडाख-तिबेटकडून थंडीपुरते आपल्याकडं उतरतात, मुंबईच्या नातवंडांना नकाशात दाखवा किती लांबून आलेत ते. पाण्याच्या अगदी जवळ जाऊ नका, थवा उठवून फोटो काढणं तर नकोच, एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या पाखराला दर तासाला उडवायचं म्हणजे त्याचं खाणं तोडणं आहे. भाकरी-चपातीही टाकू नका.

प्रश्न: आम्ही साताऱ्यातली चार कुटुंबं कास पठाराच्या बाजूला टेंट टाकून कॅम्पफायर करायचं म्हणतोय. परवानगी लागते का?

खासगी, रीतसर चालणाऱ्या कॅम्पवर राहा. पठारावर आणि वनखात्याच्या जागेत टेंट नाही आणि शेकोटी तर अजिबातच नाही. अभयारण्यात आग पेटवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा, कारण बघा. कासची फुलं ऑक्टोबरपर्यंत संपतात आणि लोकांना वाटतं आता तिथं काही नाही. असतं. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि पुढच्या वर्षीचं बी, कंद त्यातच झोपलेत. वर वाळलेलं गवत, त्यात एक ठिणगी. साताऱ्याच्या डोंगरांना दरवर्षी लागणारे वणवे आपण सगळे शहरातून बघतो, त्यातले बहुतेक कुणीतरी माणसानंच लावलेले असतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, ते आपल्या शेकोटीसाठी नाही.

शेकोटीशिवाय रात्र कशी घालवायची म्हणाल तर अमावस्येच्या आसपासची तारीख धरा आणि दिवे बंद करा. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. मधले तीन तारे एका ओळीत आहेत, ती रेघ एका बाजूला वाढवली की लालसर रोहिणी, दुसऱ्या बाजूला लखलखणारा व्याध. रोहिणीच्या पुढं कृत्तिकांचा झुबका, त्यात तारे किती दिसतात यावर पोरांची पैज लावा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री जागलात तर मिथुन राशीतला उल्कावर्षाव मिळेल, त्याला दुर्बीण लागत नाही, चटईवर उताणं पडायचं आणि गोधडी ओढून घ्यायची. स्पीकर घरी ठेवा, प्लीज.

प्रश्न: वासोटा किल्ल्यावर सहा वर्षांच्या मुलाला नेलं तर चालेल का?

रोज चालायची सवय नसेल तर नको. बामणोलीहून कोयनेच्या शिवसागर जलाशयातून बोटीनंच दीड तासाच्या आसपास जातो, मग दाट जंगलातून चांगली खडी चढण, शिवाय हा कोयना अभयारण्याचा भाग असल्यामुळं परवानगी आणि परतीची वेळ पाळावीच लागते, अंधाराच्या आत खाली यायचं म्हणजे यायचंच. पोर अर्ध्यावर बसलं तर तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन उतरणार आणि बाकीचा ग्रुप अडकणार. दहा-बाराचं झालं की न्या. तोवर बामणोलीला बोटीत फिरवून आणा, त्याला तेवढंच पुष्कळ वाटेल.

मोठी मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी: कड्यांवर आग्या मोहोळं असतात. सेंट मारून जाऊ नका, विडी-सिगारेट नको, दगड मारणं नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका, डोक्यावर ओढणी-जॅकेट घेऊन पोराला झाकून तिथून लांब निघा. काटे चिमटीत धरून न पिळता नखानं खरवडून काढा. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला किंवा खूप डंख असले तर घरगुती उपाय करत थांबू नका, थेट दवाखाना. बरोबर बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्या, चिप्सच्या पाकिटांनी माकडं मागं लागतात आणि कचरा परत आणायचा तो वेगळाच.