अमेरिकेतल्या ‘एनबीसीच्या चॅनेल’चा मालक एनबीसीच असतो का? सॅन फ्रान्सिस्कोचं चॅनेल ४ एनबीसीतून का गेलं? पत्रकारिता शिकणाऱ्या भाचीने नोकरी कुठे धरावी, स्थानिक स्टेशनात की नेटवर्कमध्ये?

मालक एनबीसीच असतो असं अजिबात नाही. एनबीसी हे नेटवर्क, म्हणजे देशभरच्या स्थानिक स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी. सॅन फ्रान्सिस्कोचं चॅनेल ४, म्हणजे क्रॉन, बावन्न वर्षं एनबीसीचे कार्यक्रम दाखवत होतं आणि त्यातला एक दिवसही एनबीसीच्या मालकीचं नव्हतं. हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण याच प्रश्नावरून २००२ च्या जानेवारीत माझा आणि माझ्या साडूंचा वाद झाला होता. तो अजून मिटलेला नाही.

तेव्हा आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात भाड्याने राहायचो. केबल घेतलेली नव्हती, टीव्हीवर दोन दांड्यांची अँटेना होती. खिडकीतून समोर सुट्रो टॉवर हा प्रक्षेपणाचा मनोरा दिसायचा, त्यामुळे चॅनेल ४ लख्ख यायचं. आईवडील नोव्हेंबरात साताऱ्याहून आले होते. अण्णा निवृत्त तलाठी. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे दिवस, त्यामुळे संध्याकाळी एनबीसीचा निवेदक टॉम ब्रोकॉच्या बातम्या लागल्या की ते खुर्ची पुढे ओढून बसायचे आणि न कळलेला शब्द खिशातल्या डायरीत देवनागरीत उतरवून ठेवायचे. ‘ॲन्थ्रॅक्स’, ‘सबपीना’. मी ऑफिसातून आलो की चहाबरोबर त्या दिवसाची यादी पुढ्यात यायची.

२ जानेवारीला घरी आलो तर डायरीचं पान कोरं. चॅनेल ४ वर ब्रोकॉ नव्हताच. जाहिरातीत ‘एनबीसी ३’ लिहिलेलं पाहून अण्णांनी ३ लावून बघितलं, तर तिथे नुसत्या मुंग्या. ३ हा केबलवरचा क्रमांक होता, हवेतून ते चॅनेल ११ वर येत होतं. केएनटीव्ही नावाचं सॅन होजेचं स्टेशन. त्याचा मनोरा लोमा प्रिएटा डोंगरावर, आमच्या घरापासून सुमारे ९० किलोमीटर दक्षिणेला, आणि मध्ये टेकड्या. त्या रात्री अण्णा अँटेनाची दांडी हातात धरून खिडकीपाशी उभे होते. बायकोने दांडीला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. बराच वेळ खटपट केल्यावर आवाज आला, चित्र काही आलं नाही.

रविवारी सनीव्हेलला साडूंकडे जेवायला गेलो, तर तिथे ११ आरशासारखं स्वच्छ. साडू म्हणाले, “एनबीसीने आपलं चॅनेल उचललं आणि इकडे आणलं. मालकाची मर्जी. चार नंबरवाले नुसते एजंट होते, डोक्यावर बसायला लागले म्हणून काढून टाकले.”

अण्णांनी पान वाढून होईपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, “पाहुणे, एवढंच सांगा. सातबारा कोणाच्या नावावर?”

“एनबीसीच्याच असणार, काका.”

“असणार म्हणजे? बघितलाय?”

बघितला कोणीच नव्हता. पुढच्या शनिवारी मी शहराच्या मुख्य लायब्ररीत जाऊन वर्तमानपत्रांचे जुने अंक काढले.

क्रॉन १५ नोव्हेंबर १९४९ ला सुरू झालं. नावातच मालक आहे, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल हे वर्तमानपत्र. ते १८६५ साली डी यंग भावांनी काढलं, आणि पुढे पेपर, टीव्ही, पुस्तक प्रकाशन सगळं त्याच घराण्याच्या कंपनीकडे होतं. एफसीसीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या दूरसंचार आयोगाचा परवाना या कंपनीच्या नावे. एनबीसीचा क्रॉनशी फक्त करार. तुम्ही आमचे कार्यक्रम दाखवा, त्या वेळेसाठी आम्ही तुम्हाला पैसे देऊ. होय, तेव्हा नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं. अण्णांना हे ऐकवल्यावर ते लगेच म्हणाले, “म्हणजे सातमध्ये क्रॉनिकल, बारामध्ये एनबीसी.” सातमध्ये मालकाचं नाव, बारामध्ये पिकाची नोंद. गेल्या इतक्या वर्षांत मला याहून नेमकं कोणी सांगितलेलं नाही.

मग १९९९ मध्ये घराण्याच्या वारसांनी सगळंच विकायला काढलं. पिढ्यांगणिक वाटेकरी वाढले होते आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. पेपर हर्स्ट या माध्यम कंपनीकडे गेला, ६६ कोटी डॉलर्सना. क्रॉनसाठी एनबीसीनेही बोली लावली होती, पण न्यूयॉर्कच्या यंग ब्रॉडकास्टिंगने सुमारे ८२ कोटी डॉलर्स मोजून ते घेतलं. (या यंगचा डी यंग घराण्याशी संबंध नाही, नावाचा निव्वळ योगायोग.) एका स्टेशनसाठी तोवर कोणी एवढी किंमत दिली नव्हती. मालकी हुकल्यावर एनबीसीने नव्या मालकाला उलटी अट घातली: आता तुम्ही आम्हाला दरवर्षी पैसे द्या, आणि नाव आमचं लावा. यंगने नकार दिला. एनबीसी उठून केएनटीव्हीकडे गेलं, कारण तिथली ग्रॅनाइट ब्रॉडकास्टिंग ही कंपनी वर्षाला सरासरी साडेतीन कोटी डॉलर्सहून जास्त द्यायला तयार होती. ३१ डिसेंबर २००१ च्या मध्यरात्री क्रॉनचा करार संपला. काही महिन्यांतच एनबीसीने केएनटीव्ही २३ कोटींना विकतच घेतलं. म्हणजे ८२ कोटींची जमीन हातची गेली, तर शेजारचा तुकडा २३ कोटींत घेतला आणि पीक तिकडे हलवलं.

साडूंचं म्हणणं ११ बाबत खरं ठरलं, ४ बाबत कधीच नाही. एवढं साधं मान्य करायला त्यांना वीसहून जास्त वर्षं पुरली नाहीत. “बघणाऱ्याला काय फरक पडतो?” हे त्यांचं पालुपद.

फरक पडतो. यंगने कर्ज काढून घेतलेलं स्टेशन नेटवर्कविना चालवायचं होतं. ते कर्ज हलकं करायला त्यांनी २००२ मध्ये लॉस एंजेलिसचं आपलं केकॅल स्टेशन ६५ कोटींना विकलं. २००५ मध्ये क्रॉनने बातमीदाराच्याच हातात कॅमेरा दिला, त्यानेच शूट करायचं आणि त्यानेच एडिट करायचं. २००८ मध्ये स्टेशन विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळेना, आणि २००९ च्या फेब्रुवारीत यंगने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या शहराच्या बातम्या दाखवायच्या, तिथल्या लोकांशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने निव्वळ आकडा बघून स्टेशन घेतलं की असंच होतं, हे माझं स्पष्ट मत आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. गावातला मालक म्हणजे धुतल्या तांदळासारखा असंही नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी क्रॉनच्याच एका कॅमेरामनने एफसीसीकडे तक्रार केली होती की मालक आपल्या धंद्याच्या सोयीने बातम्यांत ढवळाढवळ करतात. परवान्याचं नूतनीकरण कित्येक वर्षं अडकलं, १९७३ मध्ये सुटलं. शिवाय हवेतल्या लहरी सरकारच्या, स्टेशनवाला फक्त परवानाधारक, आणि परवाना दुसऱ्याच्या नावे करायला एफसीसीची मंजुरी लागते. अण्णा म्हणाले होते, “मग ही वर्ग दोनची जमीन. कलेक्टरला विचारल्याशिवाय विकता येत नाही.” आणि नेटवर्कचं स्वतःचं स्टेशन नसतंच, असंही नाही. त्याच शहरात चॅनेल ७ पहिल्यापासून एबीसी या दुसऱ्या नेटवर्कचं आहे.

डायरीच्या शेवटच्या पानावर अण्णांनी चॅनेल ४ चा सातबारा आखला होता, रकाने पाडून. सातमध्ये क्रॉनिकल खोडून यंग, बारामध्ये एनबीसी खोडलेलं आणि पुढची जागा मोकळी. ते पान माझ्याकडे आहे. पुढचे फेरफार मी लिहिलेत. २००६, बारामध्ये मायनेटवर्कटीव्ही हे नेटवर्क. २०१३, सातमध्ये मीडिया जनरल ही कंपनी. २०१७, सातमध्ये टेक्सासची नेक्स्टार, म्हणजे सध्याचे मालक. २०२३, बारामध्ये सीडब्ल्यू हे नेटवर्क. हा शेवटचा फेरफार लिहिताना अण्णा हवे होते असं फार वाटलं, कारण २०२२ मध्ये नेक्स्टारने सीडब्ल्यू नेटवर्कचाच ७५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. स्टेशनवाला नेटवर्कचा मालक झाला. साडूंच्या मते असं होऊच शकत नव्हतं.

राहिली तुमची भाची. मी या धंद्यातला नाही, त्यामुळे पगार आणि बढतीचं तिने तिथे काम करणाऱ्यांनाच विचारावं. माझा कल स्थानिक स्टेशनकडे आहे, कारण नगरपालिकेची बैठक, शाळेचं बजेट, आग, भूकंप ही कामं तिथेच हातात मिळतात. पण दारावरचा नेटवर्कचा लोगो बघून तिने हो म्हणू नये. एफसीसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्टेशनची सार्वजनिक फाइल असते, फुकट बघता येते. परवाना कोणाच्या नावे आहे, मागे कोणती कंपनी आहे, नेटवर्कशी करार काय आहे, हे तिने मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचून जावं. आणि कोणी तिला म्हणालं की आम्ही एनबीसीचे, तर आधी सातबारा मागावा. लागल्यास आमच्या साडूंचा नंबर देतो, त्यांच्याशी बोलून सराव होईल.