प्रशिक्षण एक, परवाना दुसरा

प्रश्न : माझ्या मुलाने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्याला ड्रोनच्या क्षेत्रात काम करायचे आहे. एका जाहिरातीत ‘स्तर ४’ असा उल्लेख आहे. त्याचा अर्थ काय?

उत्तर : केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला; ‘स्तर ४’ हा त्यातलाच एक स्तर. पूर्वी त्यात १० स्तर होते, २०२३ च्या सुधारणेनंतर ८ आहेत. एखाद्या कामासाठी किती ज्ञान, हातोटी आणि जबाबदारी अपेक्षित आहे, हे स्तरावरून कळते, नोकरीची हमी मात्र मिळत नाही. प्रत्येक कामाचे तपशीलवार निकष प्रामुख्याने उद्योगक्षेत्रांच्या कौशल्य परिषदा तयार करतात आणि त्यांना एनसीव्हीईटी ही नियामक संस्था मान्यता देते. त्यामुळे जाहिरातीतील अभ्यासक्रम राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत, म्हणजे अशा मान्यताप्राप्त पात्रतांच्या यादीत, आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहावे.

ड्रोनची दुरुस्ती आणि उड्डाण ही मात्र दोन वेगळी कामे आहेत, आणि जाहिरातदार नेमका इथेच गोंधळ वाढवतात. ड्रोन नियम, २०२१ नुसार व्यावसायिक उड्डाणासाठी (अगदी छोटे नॅनो ड्रोन वगळता) दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय किमान १८, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) अधिकृत केलेल्या संस्थेतील प्रशिक्षण आवश्यक आहे. आपल्या मुलाची पार्श्वभूमी पाहता त्याने आधी दुरुस्तीच्या कामाचा विचार करावा, असे मला वाटते.