वाचकांचे प्रश्न : रेल्वेने फ्रान्सच्या खेड्यातल्या मुक्कामी

प्रश्न : जूनमध्ये आम्ही दोघे (वय ६२ आणि ५८) विमानाने पॅरिसला उतरून दक्षिणेकडे लांगोन्यजवळच्या एका खेड्यात, घरगुती निवासात चार दिवस राहणार आहोत. मोटार चालवायची नाही. रेल्वेने कसे जावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आखणी शेवटच्या टप्प्यापासून उलटी करत या. पॅरिसहून क्लेरमाँ-फेराँला दिवसभरात बऱ्याच गाड्या आहेत, पण तिथून लांगोन्यवरून नीम शहराकडे जाणाऱ्या गाड्या अगदी मोजक्या. त्यांतली दुपारची गाडी आधी पक्की करा आणि मग तिला जुळणारी पॅरिसची गाडी निवडा. बहुतेक जण पॅरिसचे स्वस्त तिकीट आधी काढतात आणि क्लेरमाँला रात्र काढायची वेळ येते.

क्लेरमाँची इंटरसिटे (लांब पल्ल्याची) गाडी पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून सुटत नाही, ती बेर्सी स्थानकातून सुटते. दोन्ही स्थानके जवळजवळ असल्याने घोटाळा होतो. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी या उपनगरी रेल्वेने शात्ले-ले-आलपर्यंत या आणि तिथून मेट्रो १४ ने बेर्सीला. विमान उतरण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांत चार तास हवेतच. इमिग्रेशन आणि सामान यांत किती वेळ जाईल ते आपल्या हातात नसते. गाडीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. धावतपळत चढू, हा हिशेब तिथे चालत नाही.

क्लेरमाँपर्यंत साधारण साडेतीन तास, पुढे लांगोन्यपर्यंत अडीच तासांच्या आसपास. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली, तर रेल्वेचे कर्मचारी पुढच्या गाडीत बसवून देतात. वेगवेगळी तिकिटे असतील तर तो दावा करणे अवघड जाते.

क्लेरमाँ-लांगोन्य टप्प्यात लांजाक स्थानक सोडल्यावर मात्र मोबाइल बाजूला ठेवा. १८७० मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग आलिए नदीच्या घळीतून जातो आणि तिचा बराच भाग मोटारीच्या रस्त्यावरून दिसतच नाही. बोगदा, लगेच खाली पाणी, पुन्हा बोगदा, असे बराच वेळ चालते. शापरूजवळ दगडी कमानींचा वळणदार पूल लागतो. फ्रान्समध्ये इतका सुंदर रेल्वेमार्ग क्वचितच सापडेल, म्हणून हा टप्पा दिवसाउजेडीच करा.

एक सावधगिरी. वेळापत्रकात गाडीऐवजी ‘ओतोकार’ किंवा नुसते ‘कार’ लिहिले असेल, तर ती बस आहे. ती स्थानकाबाहेरच्या आवारातून सुटते. फलाटावर थांबून राहिलात तर ती निघून जाईल. रुळांची कामे निघाली की या मार्गावर अशा बस येतात आणि मग घळ दिसत नाही, म्हणून तारखा ठरवण्याआधी हे तपासा.

स्थानकापासून घरापर्यंतचे काय, हे खोली ठरवण्याआधीच यजमानांना ईमेलने विचारा : घ्यायला याल का, किती वाजता, त्याचे पैसे वेगळे का? खेड्यात रिकामी टॅक्सी उभी नसते. तिथले टॅक्सीवाले रुग्णांची दवाखान्यात ने-आण करतात आणि त्या फेऱ्या आधीच ठरलेल्या असतात. रविवारी तर बसही जवळपास नसतात, त्यामुळे रविवारी पोचू नका.

प्रश्न : छोट्या स्थानकावर तिकीट कसे काढायचे? पंच करावे लागते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मोबाइलमधल्या तिकिटाला काही करावे लागत नाही, फक्त त्यावरचे नाव पासपोर्टप्रमाणे हवे. ठरावीक गाडी न छापलेले टीईआरचे (प्रादेशिक गाडीचे) कागदी तिकीट असेल आणि फलाटाच्या तोंडाशी शिक्क्याचे यंत्र असेल, तर त्यात सरकवून शिक्का उमटवून घ्या. स्थानकावर खिडकी बंद आणि तिकिटाचे यंत्रही नाही, असे असेल तर चढल्याबरोबर स्वतः तिकीट तपासनिसाकडे जा. तो आपल्यापर्यंत येईस्तोवर बसून राहिलात तर दंड होऊ शकतो.

भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा. ऑनलाइन तिकीट इथूनच काढा, कारण तिथे भारतीय सिम बंद असले की ओटीपी येत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. जेवणाचे काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही ‘शांब्र दोत’ प्रकारचे घर (यजमानांच्या घरातली भाड्याची खोली) घेतले असेल, तर कायद्याने त्यात जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे असतात, आणि न्याहारी व चादरी-टॉवेल भाड्यातच येतात. रात्रीचे जेवण, म्हणजे ‘ताब्ल दोत’, सगळ्या घरांत मिळत नाही. मिळते तिथे सर्वांना एकच बेत असतो आणि तो आधी सांगावा लागतो.

नुसते ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे (‘लार्दों’) नकोत आणि सूपमध्ये मांसाचा अर्क नको, असे एकेक लिहा. लार्दों कीशमध्ये (अंडे-सायीच्या खाऱ्या पायमध्ये) असतात, सॅलडवरही पडतात. त्या भागातली प्रसिद्ध ल प्युईची हिरवी मसूर बहुधा डुकराच्या मांसाबरोबरच शिजवतात. ती वेगळी करून मागा, यजमान आनंदाने करतात. शेजारच्या ओब्राकमधला ‘आलिगो’ आवर्जून खा : उकडून कुस्करलेला बटाटा आणि ताजे चीज तार सुटेपर्यंत घोटतात, त्यातच लसूण. बरोबर सॉसेज वाढतात, तेवढे नको म्हणा. चीजसाठी दूध फाडायला वापरलेले प्राणिज रेनेट (वासराच्या पोटातले विरजण) ज्यांना चालत नाही, त्यांनी ते वेगळे विचारावे.

पहिल्या दिवशी पिशवीत एका वेळचे खाणे असू द्या. गावातली दुकाने दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात, आणि उपाहारगृहे बऱ्याचदा रविवारी रात्री व सोमवारी बंदच असतात.

प्रश्न : दोन मोठ्या बॅगा घेऊन चढता येईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येईल, पण त्या स्वतः उचलाव्या लागतात, हमाल नसतात आणि लहान स्थानकांवर लिफ्टही नसते. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी बंधनकारक आहे. माणशी एक मध्यम बॅग पुरते. त्यात एक स्वेटर ठेवा : लांगोन्य समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, आणि जूनमध्येही तिथे रात्री गारठा असतो.