सोसायटीची खजिनदारी गळ्यात पडली आहे. मेंटेनन्सच्या हिशेबापुरतं एक्सेल फुकट कुठे शिकू?

नुसतं ‘एक्सेल कोर्स’ असं शोधू नका. लांबलचक मालिका समोर येतात आणि चौथ्या दिवशी सुटतात. आधी कागदावर लिहा, महिनाअखेरीस नेमकं काय हवंय: कोणी किती भरले, कोणाचे किती राहिले. तेवढंच शिकायचंय.

यासाठी मी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प सुचवेन. मोफत आहे आणि लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्याच प्रोग्रॅमचे पाठ चक्क मराठीत आहेत, एकेक साधारण दहा मिनिटांचा. कॅल्कही फुकट, एक्सेलची फाइल त्यात उघडते. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर आपली शीट; थांबवत थांबवत सोबत करायचं.

सराव मात्र त्यांच्या उदाहरणावर न थांबता आपल्या सोसायटीच्या वहीवर करा. पहिल्या रकान्यात फ्लॅट नंबर, दुसऱ्यात देणं, तिसऱ्यात जमा, चौथ्यात वजाबाकीचं सूत्र. ते सूत्र कोपऱ्याला धरून खाली ओढलं की सगळ्यांची बाकी एका दमात उतरते. मग फिल्टर लावा, शून्यापेक्षा जास्त बाकी असलेले तेवढेच ठेवा. थकबाकीची यादी तयार! कोणी दोन-तीन हप्त्यांत पैसे भरत असेल तर पुढचा पाठ ‘सम-इफ’चा, म्हणजे एकाच फ्लॅटच्या सगळ्या नोंदींची बेरीज करणाऱ्या सूत्राचा. आलेख, मॅक्रो वगैरे सध्या बाजूला ठेवा.

नोकरीसाठी प्रमाणपत्रही हवं असेल तर ‘स्वयम्’ ही केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट बघा. तिथे शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी लागते.