केबल काढल्यावर प्लेअर लोगोवर का अडकतो?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या एमपीथ्री प्लेअरमध्ये भजनं भरली, कॉपी संपताच केबल काढली आणि तेव्हापासून तो लोगोवरच अडकलाय. सीताबर्डीतल्या दुकानदाराने 'बोर्ड गेला' म्हटलं म्हणून टाकून देऊ नका. लोगो येतोय म्हणजे स्क्रीन आणि प्रोसेसर बहुधा शाबूत आहेत.

केबल जोडली की असा प्लेअर आपली मेमरी कॉम्प्युटरच्या ताब्यात देतो. कुठली फाइल कुठे ठेवायची हे तेव्हा कॉम्प्युटर ठरवतो आणि लिहिण्याचं काम तो साचवून करतो. कॉपीची विंडो बंद झाली तरी शेवटचा भाग त्याच्या रॅममध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच, असू शकतो. मेमरीत एक तक्ता असतो, फॅट नावाचा. गाण्याचा एक तुकडा संपला की पुढचा कुठे, हे त्यात लिहिलेलं असतं. केबल आधीच निघाली की हा तक्ता अर्धवट राहतो. मग प्लेअर मेमरी परत घेऊन गाण्यांची यादी बनवायला बसतो. तक्त्यात पहिला तुकडा दुसऱ्याकडे आणि दुसरा परत पहिल्याकडे पाठवत असेल, तर बिचारा तिथेच फिरत राहतो. कॉम्प्युटर अशा वेळी एरर दाखवून मोकळा होतो, छोट्या प्लेअरमध्ये ती सोय बहुतेक वेळा नसते.

माझ्या रेकॉर्डरचं असंच झालं होतं, आणि केबल तर मी ओढलीही नव्हती. मे महिन्यातली दुपार, कॉपी चालू असताना लाईन गेली, डेस्कटॉप बंद. रेकॉर्डरमध्ये आजीच्या आवाजातल्या ओव्या होत्या. नंतर कार्ड उघडून पाहिलं तर फोल्डरची नावं म्हणजे चौकोन आणि प्रश्नचिन्हं, आणि २ जीबीच्या कार्डावर एक फाइल ३ जीबीची! ओव्या मात्र बहुतेक सगळ्या परत मिळाल्या, कारण मी घाईने फॉरमॅट मारला नाही, म्हणजे कार्ड पुसून कोरं केलं नाही.

दुसरं कारण बॅटरी. केबलमधून ५ व्होल्ट मिळत असतात, ती निघाली की भार एकदम बॅटरीवर येतो. बॅटरी थकलेली असेल तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि प्रोसेसर गडबडतो. ओळखायचं कसं? काही कॉपी न करता नुसत्या चार्जरला लावून काढल्यावरही अडकत असेल, तर बॅटरी बदला. फक्त कॉपीनंतर अडकत असेल, तर गडबड मेमरीतल्या तक्त्याचीच.

आता पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून ठेवा. मागे बारीक भोक असेल आणि शेजारी 'रीसेट' लिहिलं असेल, तर पिनेने हलकेच दाबा. मग कॉम्प्युटरला लावा. ड्राइव्ह दिसला तर आधी सगळं कॉपी करून घ्या, नंतर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, तिथे चेक. तरी अडकला तरच फॉरमॅट, आणि तोही प्लेअरच्या स्वतःच्या मेनूतून.

विंडोज १० मध्ये २०१८ च्या अपडेटपासून साचवून लिहिणं मुळातच बंद ठेवलेलं असतं, तरीही केबल काढण्याआधी कॉम्प्युटरवर ड्राइव्ह 'इजेक्ट' करा आणि प्लेअरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत केबलला हात लावू नका. हल्लीच्या अँड्रॉइड फोनला हा त्रास कमी, कारण तो मेमरी स्वतःकडेच ठेवतो, कॉम्प्युटर फक्त फाइल मागतो.

रीसेटनंतर ड्राइव्ह दिसतो का, तेवढं कळवा. नसेल दिसत, तर मेमरी कार्ड काढता येतं का ते बघून मॉडेल लिहा.