वाचक विचारतात : पत्र्याची होडी चालेना!

प्रश्न : लहानपणी दारावर येणाऱ्या खेळणीवाल्याकडे पत्र्याची होडी मिळायची. आत वात लावली की फटफट करत परातीत फिरायची. यंदा जत्रेत तशीच दिसली म्हणून नातीसाठी आणली. वात लावली, पत्रा काळा पडला, होडी मात्र जागची हलेना. काय चुकतंय? आणि ती चालते तरी कशाच्या जोरावर?
– एक आजोबा, बार्शी

उत्तर : आजोबा, होडी बहुतेक ठणठणीत आहे, तिला पाणी पाजायचं राहिलंय. वात लावण्याआधी मागच्या दोन्ही नळ्या भरून घ्याव्या लागतात. नळ्या वर करून होडी धरा आणि ड्रॉपरने एका नळीत पाणी सोडत राहा. दुसरीतून पाणी बाहेर आलं की दोन्ही तोंडं बोटांनी दाबून होडी पाण्यात ठेवा, मग बोटं काढा. आता गोडेतेलात भिजवलेली वात पेटवून आत सरकवा.

माझं लहानपण सोलापूरचं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर भिरभिरी, पिपाण्या, पत्र्याचे टकटक बेडूक असं सगळं असायचं, पण पोरांचं कोंडाळं एका घमेल्याभोवती. त्यात या होड्या गोल गोल फिरत असायच्या. होडी विकली की खेळणीवाला तोंडात पाणी घ्यायचा, नळीला ओठ लावून आत सोडायचा. दुसऱ्या नळीतून धार उडाली की होडी पोराच्या हातात. 'आधी पाणी, मग आग,' एवढंच सांगायचा. पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर उष्णतेच्या धड्याला मी हीच होडी वर्गात न्यायचो.

होडीच्या पोटात एक चपटी डबी असते, नळ्या तिच्यातूनच निघतात. डबीतलं पाणी उकळून वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे जाते. वाफ नळीच्या थंड भागात पोचली की तिचं पुन्हा पाणी होतं, आतला दाब घसरतो आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. हे भराभर चालू राहतं. डबीचा वरचा पत्रा पातळ असतो. दाबाने तो फुगतो, पुन्हा आत बसतो, तीच ती फटफट.

नात हमखास विचारेल, की पाणी आत येताना होडी मागे का येत नाही? तिला मेणबत्ती फुंकून विझवायला सांगा, मग श्वास आत ओढून विझवायला सांगा. फुंकरीची सरळ धार होते, आत येणारी हवा मात्र चहूबाजूंनी येते. नळीतल्या पाण्याचंही तसंच.

1891 मध्ये थॉमस पिओ नावाच्या फ्रेंच माणसाने ब्रिटनमध्ये अशा होडीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आज बॅटरीवरच्या बोटी ढिगाने मिळतात, तरी मुलांच्या हातात मला हीच द्यावीशी वाटते. वात डोळ्यांसमोर जळते, नळ्यांना हात लावून बघता येतं, काही झाकलेलं नाही.

काळा पडलेला पत्रा म्हणजे नुसती काजळी, पुसली की जाईल. पण कोरडी तापल्याने डाख सुटला असेल तर डबी गळेल. होडी पाण्यात बुडवून, एक नळी दाबून दुसरीतून हलकेच फुंका. कुठे बुडबुडे आले तर तिथे डाख देऊन घ्या. वात तुम्हीच लावा आणि विझल्यावर लगेच पत्र्याला हात लावू देऊ नका, बराच वेळ तापलेला राहतो.